एकाच कोटातली माणसं

हायवेवरच्या जाम गावाच्या चौकात प्रेमदासचा फोटो स्टुडिओ आहे. 'माधवी फोटो'. माधवी ही त्याची मुलगी. ती सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नर्स आहे आणि स्वतःचे फोटो मोबाईलवर काढते. बापाच्या दुकानाचा तिला काडीचाही उपयोग नाही, असं प्रेमदासच हसत हसत सांगतो. दुकानाच्या एका अंगाला टायरवाला, दुसऱ्या अंगाला चहाची टपरी. आत काउंटर, झेरॉक्सचं मशीन, लॅमिनेशनचं मशीन, एक म्हातारा कॉम्प्युटर. मागे निळा पडदा आणि पडद्यासमोर स्टूल. भिंतीवर आरसा, आरशाखाली कंगवा आणि पावडरचा डबा. शेजारच्या खिळ्याला एक गडद निळा कोट टांगलेला असतो.

कोटाबद्दल आधी सांगतो, कारण त्या कोटावरूनच माझं आणि प्रेमदासचं वाजलं.

मी कृष्णकांत. वर्ध्याच्या एका शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर पिपरी मेघ्यातल्या घरात बसून भिंतींकडे किती बघणार, म्हणून कॅमेरा घेतला. मग लेन्स घेतली, ती कॅमेऱ्यापेक्षा मोठी. माझी बायको इंदिरा तिला 'तुमची तोफ' म्हणते. ही तोफ घेऊन मी तीन-चार वर्षं जिल्हाभर हिंडलो आणि गरीब माणसांचे फोटो काढले. सुरकुत्या, चुलीचा धूर, भेगाळलेल्या टाचा, अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा अंधारात. दोन स्पर्धांत बक्षीस मिळालं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. इंदिरा एकदा नुसती म्हणाली होती, "तुमच्या फोटोतल्या एकाही माणसाला दोन डोळे नाहीत हो." मला राग आला. जन्मभर जिल्हा परिषदेत फायली सरकवलेल्या बाईला कलेतलं काय कळतं, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची हिंमत चाळीस वर्षांत झालेली नाही.

तर वेदश्री नावाची माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. ती सावंगीच्या कॉलेजात शिकवते. तिनं वर्ध्यात छायाचित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, 'काठावरची माणसं' या विषयावर. फोटो निवडायचं काम माझ्याकडे दिलं. तीच म्हणाली, "सर, जामला एक स्टुडिओवाले आहेत. पालांवरची माणसं, चौकात राहणारी माणसं, कितीतरी वर्षं काढतायत. एकदा बघून या ना."

जानेवारीत एका दुपारी मी एसटीनं जामला उतरलो. प्रेमदासनं स्टुलावरची धूळ झटकून मला बसवलं, चहा मागवला आणि काउंटरखालून अल्बम काढले. लग्नाचे असतात तसले, मखमली पुठ्ठ्याचे. मी पहिला उघडला आणि मला हसूच फुटलं.

प्रत्येक फोटोत मागे तोच निळा पडदा. कुठे तो दोन बाभळींना बांधलेला, कुठे हायवेच्या कठड्याला. पडद्यापुढे माणूस सरळ उभा, मान ताठ, दोन्ही कान दिसतायत, नजर थेट कॅमेऱ्यात. आणि प्रत्येकाच्या अंगात तो एकच निळा कोट. लुगड्यावर कोट घातलेली भंगार वेचणारी बाई. एका पायाचा क्लिनर. टोलनाक्यावर टाळी वाजवून मागणारी रक्षा, ओठ रंगवलेले आणि कोटाची सगळी बटणं लावलेली. डोंबाऱ्याच्या खेळातली म्हातारी, तिचे हात बाह्यांत गडप झालेले. सुऱ्यांना धार लावणाऱ्या एका दांडग्या माणसाला तोच कोट इतका आखूड की मनगटं वीतभर बाहेर. साठ-सत्तर फोटो असतील.

"अहो, हे तर पासपोर्टचे फोटो झाले," मी म्हटलं.

"हो जी. आपल्याले तेच येते."

"ते ठीक आहे. पण कोट कशाला? या लोकांचं खरं जगणं दिसायला पाहिजे. ही बाई काय रोज कोट घालून भंगार वेचते का?"

प्रेमदासनं चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. आवाज जराही चढला नाही. "सर, तुमच्या लग्नाच्या फोटोत तुम्ही रोजचा शर्ट घातलता का?"

मी चहा प्यायलो.

"मी घाला म्हनत नाई कोनाले," तो पुढे म्हणाला. "पालावर गेलो का झाडाले टांगून ठेवतो. कंगवा, आरसा ठेवतो. मंग ज्याले वाटलं तो मांगते. आतापर्यंत एकानंच नाई म्हनलं, तेबी उन्हाळा होता म्हून."

कोट त्याच्या वडिलांचा, बापूजींचा. बापूजी जन्मभर लोकांच्या वावरात राबले. पण वर्षातून एकदा दीक्षाभूमीवर जाताना अंगावर हा कोट असायचा. हिंगणघाटच्या एका शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतला होता. "कोट घातल्यावर मानूस कसा उभा राह्यते, हे मी लहानपनापासून पायलं सर," प्रेमदास म्हणाला आणि त्यानं सहज भिंतीकडे पाहिलं. तिथे बुद्धाच्या तसबिरीशेजारी बाबासाहेबांची तसबीर होती, निळ्या कोटातली.

मी उगाच एक फोटो अल्बममधून काढून उलटा केला. मागे बॉलपेननं वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: नाव, गाव, कोणाची कोण, काम काय, तारीख आणि शेवटी 'फोटो : प्रेमदास'. दुसरा उलटला, तिसरा उलटला. सगळ्यांच्या मागे तेच.

"हे कशासाठी?"

त्यानं सांगितलं ते असं. हायवेवर अपघात झाला आणि मेलेला माणूस कोण हे कळलं नाही, की पोलीस फोटोसाठी प्रेमदासला बोलवायचे. तो फोटो काढायचा आणि मागे लिहायचा, 'अनोळखी पुरुष' किंवा 'अनोळखी स्त्री' आणि अंदाजे वय. स्टुडिओच्या पायरीवर एक माणूस आठ वर्षं बसत असे. डोक्यानं जरा सरकलेला, पण कोणाच्या वाटेला न जाणारा. सारा चौक त्याला मामा म्हणायचा. प्रेमदास त्याला रोज सकाळी चहा द्यायचा. एका पहाटे मामाला ट्रकनं उडवलं. पोलिसांनी नाव विचारलं. चौकातल्या एकालाही सांगता येईना.

"मी त्याले आठ वर्षं चहा पाजला सर. अन् त्याच्या फोटोमागं माह्या हातानं लिहिलं, अनोळखी पुरुष, वय अंदाजे पन्नास." प्रेमदासनं अल्बम बंद केला. "त्या दिवसापासून जित्या मानसाचे काहाडतो. पयले नाव विचारतो. फोटो त्याच्या हातात नेऊन देतो, मंग एक कॉपी माह्यापाशी."

ही गोष्ट ऐकून मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण चौतीस वर्षांचा मास्तर माझ्यातून इतक्या सहज जाणारा नव्हता. तुमची भावना चांगली आहे, पण फोटो प्रदर्शनात चालणार नाहीत, यात कला नाही, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याला काहीच वाटलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

"नाई तर नाई," तो म्हणाला. "भिंतीवर लावाले काहाडलेच नाई मी. चला, तुमाले पालं दाखवतो. एसटीले वेळ आहे अजून."

चौकापासून जरा पुढे, हायवेच्या कडेच्या मोकळ्या जागेत, दर हिवाळ्यात पडतात तशी, आठ-दहा पालं पडलेली होती. पाटे-वरवंटे घडवणारी माणसं. दगड फोडून पाटा करायचा, जुन्या गुळगुळीत पाट्याला छिन्नीनं टाकी लावून द्यायची, आणि या गावचं काम संपलं की पुढचं गाव. एका पालाजवळ धुरपताबाई चूल पेटवत होती. साठीची, काटक, बोलण्यात फटकळ. प्रेमदासला पाहताच म्हणाली, "या भाऊ. आला का तुमचा कोट?"

"कोट दुकानात आहे बाई. तुह्या घरचा मानूस घालतो म्हनंल, तर आत्ता आनतो."

तिचा नवरा रूपराव दूर बाभळीखाली बसून टाकीनं पाटा ठोकत होता. प्रेमदासनं इथूनच हाक मारली, "रूपराव, आज काहाडायचा का फोटो?"

रूपरावनं आमच्याकडे न बघता हात हलवला. "बाजाराच्या दिवशी."

"चार वर्षं झाले, याचा बाजार येऊनच नाई राह्यला," प्रेमदास मला म्हणाला. "लाजते. पन मी जबरदस्ती करत नाई."

तो धुरपताबाईशी बोलत राहिला आणि मी तोफ काढली. ऊन उतरलं होतं. रूपरावच्या उजव्या अंगावर पिवळा उजेड पडला होता, उडणारी दगडाची भुकटी त्यात चमकत होती, आणि डावी बाजू काळ्या सावलीत बुडाली होती. त्यानं घाम पुसायला मान वर केली तेवढ्यात मी बटण दाबलं. त्याला विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो आणि फोटो मरतो, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवत असे. प्रेमदासनं मला पाहिलं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

फोटो झाला मात्र फर्मास. प्रदर्शनात दारासमोरच्या भिंतीवर तोच लावला, तीन फूट बाय चार फूट. नाव दिलं 'दगड'. पहिल्याच दिवशी लोक पुढ्यात उभे राहून हळहळले, एका पेपरनं तो छापला. प्रदर्शन महिनाभर चालणार होतं आणि मी रोज इस्त्रीचे झब्बे घालून हॉलमध्ये हजर राहायचो.

चौथ्या दिवशी प्रेमदासचा फोन आला. "सर, रूपराव गेला."

छाती दगडाच्या भुकटीनं भरली होती, ते जुनंच दुखणं होतं. प्रदर्शन सुरू व्हायच्या आठवडाभर आधी त्याला सावंगीला भरती केलं होतं. डॉक्टरांनी पुष्कळ धडपड केली, पण उशीर झाला होता. भरती केल्याच्या तिसऱ्याच दिवशी तो गेला, तेव्हा वॉर्डात माधवीचीच ड्यूटी होती. "पेपरात तुमचा फोटो पायला," प्रेमदास म्हणाला. "त्याचा जगात हा एकच फोटो आहे सर. आधार कार्डबी नोतं त्याच्यापाशी. बाईले घेऊन येऊ का पाह्याले?"

मी या म्हटलं. आता लिहायलाही लाज वाटते, पण वाईट वाटता वाटता माझ्या मनात हेही आलं की तिलाही फोटो आवडेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आली. हॉलमध्ये वेदश्री होती, मी होतो आणि कॉलेजची आठ-दहा मुलं. धुरपताबाई फोटोसमोर उभी राहिली. मग ती भिंतीशी गेली, गाल भिंतीला टेकवला आणि फोटोकडे कडेनं पाहू लागली, दाराआड कोणी उभं आहे का ते बघावं तसं. त्या कडेनं पाहिलं, मग या कडेनं पाहिलं.

"बाकीचा कुठी हाय?" तिनं विचारलं.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तिला समजावायला लागलो. उजेड-सावली, चेहऱ्याचा एक भाग अंधारात ठेवला की दुसरा कसा उठून दिसतो, वगैरे. शाळेत आठवीच्या वर्गाला सांगायचो तेच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "अंधारात हाय म्हनता," ती म्हणाली. "मंग लाईट लावा नं."

मुलांपैकी कोणी हसलं नाही. वेदश्रीनं खरंच जाऊन भिंतीवरचा आणखी एक दिवा लावला, बिचारीला दुसरं काय सुचणार. काळा भाग आणखी काळा दिसला.

धुरपताबाई खाली बसली. रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, माह्या मायचं तोंड मले आठोत नाई. मी लहान होती तवाच मेली. फोटो नोता. आता कितीबी डोये मिटले तरी दिसत नाई. याचंबी तसंच होईन. आता दिसून राह्यला, मंग एक एक करून जाईन. पयले कान जाईन, मंग नाक जाईन." तिनं फोटोकडे बोट केलं. "तुमी तर आत्ताच अर्धा नेला."

मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. मी प्रेमदासकडे पाहिलं. तो मला बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "सर, मोठा फोटो राहू द्या. त्याची फाइल द्या मले. पाहतो काही होते का."

मी फाइल दिली. प्रेमदासनं कॉम्प्युटरवर काळा भाग उजळून पाहिला, तर तिथे काहीच नव्हतं. कॅमेऱ्यानं जे पाहिलंच नाही ते कुठून निघणार? मग त्यानं स्टुडिओवाल्यांची नेहमीची युक्ती केली. जुना फोटो अर्धा फाटून आला, वाळवीनं खाल्ला, की ही माणसं चेहऱ्याची चांगली बाजू कापतात, आरशासारखी उलटी करतात आणि मधोमध जोडतात. वर कोट चढवतात. गिऱ्हाईक खूश होऊन फ्रेम घेऊन जातं.

चार दिवसांनी त्यानं मला जामला बोलावलं. धुरपताबाई काउंटरशी उभी होती. प्रेमदासनं प्रिंट तिच्या हातात दिली. मी मागून डोकावलो. रूपराव, पूर्ण चेहऱ्याचा, निळ्या कोटात, थेट समोर बघणारा. देखणा दिसत होता. मी सुटकेचा श्वास टाकला.

तिनं फोटो जवळ धरला, लांब धरला. मग काउंटरवर ठेवला.

"हा कोन हाय?"

"रूपरावच आहे बाई," प्रेमदास म्हणाला.

"नाई भाऊ. याले दोन डोये हायेत."

मग तिनं सांगितलं. रूपराव विशीत असताना पाटा फोडताना दगडाची कपची उडून डाव्या डोळ्यात गेली. डोळा पांढरा झाला, पापणी अर्धी मिटली ती मिटलीच. लग्न त्यानंतरचं. "मी त्याच्या घरी आली तवा डोया गेलेलाच होता. दोन डोयांचा रूपराव मी पायलाच नाई. असंन चांगला, पन मी नाई पायला." तिनं फोटो प्रेमदासकडे सरकवला. "दुसरीच्या नवऱ्याले मी कायले पालात टांगू?"

प्रेमदास स्टुलावर बसला. चार वर्षं ज्याला तो फोटो काढू म्हणत होता, तो का लाजत होता, हे त्यालाही तेव्हाच कळलं. चौकात येता-जाता रूपराव त्याच्याशी नेहमी उजवी बाजू पुढे करून बोलायचा, डोक्याला बांधलेलं फडकं डाव्या डोळ्यावर ओढलेलं. "मी नाव विचारलं, गाव विचारलं," तो स्वतःशीच म्हणाला. "अन् नीट तोंड नाई पायलं."

माझ्या मनात आलं ते मी बोलून गेलो. "पण बाई, त्याच डोळ्यासाठी तो फोटो टाळत होता ना? मग तो डोळा दाखवलेला त्याला चालला असता का?"

"त्याले लाज होती," धुरपताबाई म्हणाली. "मले नोती."

झेरॉक्ससाठी एक माणूस आला, त्याला प्रेमदासनं नंतर या म्हणून सांगितलं. मग तो माझ्याकडे वळला. "सर, तुमी ड्रॉइंग शिकवत होते ना?"

"अहो, पेन्सिल हातात धरून किती वर्षं झाली. आणि मी त्याला पाहिलेलाच नाही." हे म्हणताना मला स्वतःचीच शरम वाटली. तीन बाय चार फुटांचा फोटो दाराशी टांगला होता मी त्याचा.

"बाईनं पायला ना," प्रेमदास म्हणाला.

दोन दुपारी लागल्या. काउंटरवर ड्रॉइंग पेपर लावला. एका बाजूला माझा तो बक्षिसाच्या लायकीचा फोटो. उजवी बाजू त्यावरून उतरवली. हात हळूहळू जुन्या सवयीनं चालायला लागला. खांद्यांसाठी काही नव्हतं. धुरपताबाई म्हणाली, कोट पाहिजे, येत्या बाजाराच्या दिवशी तो घालणारच होता. ते खरं होतं की तिनं तेव्हाच ठरवलं, कोण जाणे. प्रेमदासनं खिळ्यावरचा कोट काढला, स्वतः घातला आणि पडद्यासमोर स्टुलावर ताठ बसला. इतक्या वर्षांत तो कोट त्यानं स्वतः कधी घातला नव्हता, हे मला नंतर माधवीनं सांगितलं. बापाच्या मापाचा कोट त्याला चपखल बसला होता. दोन दुपारी तो माणूस हलला नाही. गिऱ्हाईक आलं तर बसल्या जागेवरून उद्या या म्हणायचा.

डावी बाजू धुरपताबाईनं सांगितली. ती माझ्या शेजारी उभी राहून बोट स्वतःच्या चेहऱ्यावर फिरवायची. इथून खाली आला होता. नाई, एवढा नाई. पापणी अशी. ती स्वतःचा डावा डोळा अर्धा मिटून दाखवायची आणि मी काढायचो, पुसायचो, पुन्हा काढायचो. भुवईच्या मधे कपचीनं खाच पडली होती, तिथे केस नव्हते. ओठाचा तो कोपरा वर ओढलेला होता, कारण टाकी मारताना तो दात दाबायचा आणि काम संपलं तरी सोडायला विसरायचा. कानात तांब्याची बारीक बाळी. शाळेत मी पोरांना ओरडायचो, आधी बघा, मग काढा. या दोन दुपारी मी एका बाईच्या डोळ्यांनी बघत होतो, आणि तिनं छत्तीस वर्षं किती नीट बघितलं होतं हे मला रेषेरेषेला कळत होतं. मध्येच तिला रूपराव टाकी मारताना काय पुटपुटायचा ते आठवलं आणि ती खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मी पांढऱ्या डोळ्याची कड खडूनं जरा उजळली आणि मागे सरकलो. ती पुढे झाली. तिचा हात मागे गेला, खांद्यावरून ओघळलेला पदर तिनं उचलला आणि डोक्यावर घेतला, चारचौघांत नवरा समोर आला की घेत असेल तसा. तिला ते कळलंही नसावं.

"झालं," प्रेमदास हळूच म्हणाला आणि कोटाची बटणं काढायला लागला.

त्यानं त्या चित्राचा फोटो काढला, दोन प्रिंटा केल्या आणि धुरपताबाईची प्रिंट पालात ओलीनं खराब होऊ नये म्हणून लॅमिनेशन करून दिली. आमच्यासमोर तिनं ती पदरात गुंडाळली आणि पालाकडे गेली. मी त्याच संध्याकाळी वेदश्रीला फोन करून 'दगड' भिंतीवरून उतरवायला सांगितलं. त्या जागी प्रेमदासचे फोटो लावू, असंही म्हटलं. तो म्हणाला, लावा, पण ज्याचा त्याला विचारून येतो. तेवीस जणांचा होकार आला. तेवीस जण एकाच कोटात ओळीनं उभे राहिले, तेव्हा कुठे मला त्या फोटोंतली कला दिसली. इंदिरा प्रदर्शन बघायला आली होती. सगळे फोटो बघून झाल्यावर ती मला म्हणाली, "मोजले मी. सगळ्यांना दोन-दोन डोळे आहेत."

परवा बऱ्याच महिन्यांनी जामला गेलो. हायवेच्या कडेची जागा रिकामी होती, बाभळीखाली दगडाच्या कपच्या तेवढ्या पडलेल्या. पालं पुढच्या गावाला गेली. प्रेमदास कोणाचे तरी पासपोर्ट फोटो कापत बसला होता. मला पाहून त्यानं चहा सांगितला. पडद्याजवळच्या भिंतीवर आता काही फोटो टाचणीनं लावलेले होते. भंगारवाली, क्लिनर, रक्षा आणि त्यांच्यामध्ये रूपराव.

मी टाचणी काढली आणि सवयीनं रूपरावचा फोटो उलटला. मागे प्रेमदासचं वळणदार अक्षर.

'नाव : रूपराव. बायको : धुरपताबाई. काम : पाटे-वरवंटे. गाव : काम असंन ते. उजवी बाजू : कृष्णकांत सर. डावी बाजू : धुरपताबाई.'

पुढे काही नव्हतं. सत्तर फोटोंच्या मागे 'फोटो : प्रेमदास' लिहिणाऱ्या माणसानं याच्यामागे स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. तो पाठमोरा बसून कात्री चालवत होता. मी काउंटरवरचं त्याचं बॉलपेन घेतलं आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'खांदे आणि कोट : प्रेमदास'. मग फोटो पुन्हा भिंतीला लावला, सरळ लागला की नाही ते दोनदा पाहिलं, आणि चहा यायची वाट बघत स्टुलावर बसलो.